पुढच्या खुर्च्या

"उठली! उठली!"

बंद पडलेल्या सिनेमागृहासमोरचा रस्ता माणसांनी भरला होता आणि हा ओरडा आतून आला. पाठोपाठ टाळ्या. बाहेरच्यांना आतलं काही दिसत नव्हतं, तरी त्यांनीही टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने तर काठी बगलेत धरून वाजवल्या.

काटेवाला त्याच वेळी गर्दीत घुसत होता. वजनकाटे दुरुस्त करायचं त्याचं दुकान, आणि लोक त्याला त्याच नावाने ओळखत. "काटेवाले, वहिनी थिएटरात पडल्यात, लगेच चला," असं शेजारचा शिंपी धापा टाकत सांगायला आला, तेव्हा हातातलं पारडं तसंच टाकून तो निघाला होता. आता 'उठली' ऐकलं आणि त्याच्या जिवात जीव आला.

"कोण उठली हो? जाड चष्म्याची बाई का?"

"चष्मा कोण बघतंय! मेलेली बाई उठवली बाबांनी!"

"अहो, पण चष्मा होता की नव्हता?"

"देव काय चष्मा बघून उठवतो?"

कोपरं मारत तो दारापर्यंत पोचला. फाटक्या पडद्यासमोरच्या मंचावर एक बाई डोळे चोळत बसली होती आणि लोक तिला हात लावायला धडपडत होते. तिला चष्मा नव्हता.

काटेवाल्याची बायको तिकीट खिडकीच्या बाजूच्या बोळात होती. फरशीवर उताणी. तिच्या उशाशी तिची धाकटी बहीण बसली होती. तिला घरात सगळे धाकटीच म्हणत. शेजारी बाबांचा एक स्वयंसेवक हात जोडून उभा होता.

"हात लावू नका त्यांना," स्वयंसेवक म्हणाला. "बाबा म्हणाले, त्या वर पोचल्या."

"वर कुठे? बाल्कनीत?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. स्वयंसेवकाने मान खाली घातली, तेव्हा कळलं. त्याने बायकोची हनुवटी पुसली. गळ्यापर्यंत ओली होती ती, आणि त्याची बोटं एकमेकांना चिकटली.

भाजीच्या एका टेम्पोतून त्याने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी बराच वेळ खटपट केली. तोंडात नळी घालून पाणी ओढलं, छाती दाबली. मग डॉक्टर थांबले. त्यांनी मान हलवली आणि हातमोजे काढले. मोठ्या सिस्टर तेवढ्या थांबल्या नाहीत. त्या नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या, आणि त्या दिवशी मुलींना घेऊन तिथेच हजर होत्या. त्यांनी काटेवाल्याला बाजूला घेतलं.

"यांना शुगर होती?"

"होती. रोज सकाळी इन्शुलिन."

"आज घेतलं होतं?"

"घेतलं. मीच सिरिंज भरून दिली."

"आणि खाल्लं काय होतं?"

काटेवाल्याला सांगता येईना. तो दुकानात लवकर गेला होता. उत्तर धाकटीने दिलं. "उपाशी होती. मीही आहे. बाबांकडे उपाशीच जायचं असतं."

धाकटीलाही ताईसारखंच रोज इन्शुलिन लागायचं. मोठ्या सिस्टरांनी एका मुलीला तिच्यासाठी दूध-बिस्किटं आणायला पिटाळलं, आणि ती ते संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

*

ऊठबाबा हे नाव लोकांनीच दिलं होतं. हा बाबा भविष्य सांगत नसे, अंगारा देत नसे, की कुणाच्या अंगात येत नसे. त्याचं काम एकच. लोक त्याच्यासमोर बसल्या बसल्या कोसळत, स्वयंसेवक त्यांच्या तोंडात तीर्थ ओतत, तो "ऊठ!" म्हणे, आणि ते उठत.

"आधी तुला पाडतो, मग तुला उठवतो!" तो माईकमध्ये सांगायचा. "पाडणारा कोण? तो! उठवणारा कोण? तोच! मी कोण? मी मधला लिफ्टवाला!"

लोक हसायचे. हसलेल्या माणसाला शंका कमी येते, हे बाबाला चांगलं ठाऊक होतं. मंचाच्या कडेला मुंग्यांची रांग लागलेली असे. तीसुद्धा बाबा वाया जाऊ द्यायचा नाही. "बघा, मुंग्यासुद्धा दर्शनाला रांगेत येतात. आणि तुम्ही दोन हात दोन पायांची माणसं, ढकलाढकली करता!"

शहाणी म्हणवणारी माणसंही त्याच्याकडे जात, कारण तो औषधाच्या विरुद्ध बोलत नसे. उलट दारावरचे स्वयंसेवक प्रत्येकाला बजावत, "सकाळची गोळी-इंजेक्शन चुकवायचं नाही हं. बाबांना ते चालत नाही. फक्त पोट रिकामं पाहिजे. भरल्या भांड्यात बाबा काय ओतणार?" मग हळूच विचारत, "गोड रक्त कुणाचं? शुगरवाले कोण?" ज्याने हात वर केला त्याला पुढच्या रांगेतली खुर्ची मिळायची, तीही गादीची. बाकीच्यांना मागची लाकडी बाकं.

"गोड रक्ताची माणसं देवाच्या जवळची," बाबा म्हणायचा.

काटेवाला यावर बायकोशी थट्टा करायचा. "इतकी वर्षं तुला चहात साखर नाही दिली, आणि तू देवाच्या जवळची निघालीस!" ती म्हणायची, "तुम्ही तुमचे काटे सांभाळा." जायची मात्र धाकटीच्या आग्रहाने. त्याने तिला कधी अडवलं नव्हतं. बहिणीबहिणी दोन तास बसतात, बोलतात, परत येतात, एवढंच त्याला वाटायचं.

*

माणसं भेटायला येऊ लागली. काटेवाला त्यांना खुर्ची द्यायचा आणि स्वतः उभा राहायचा. त्याला बसवत नव्हतं. कोणी बोलत असताना तो मध्येच उठून गॅस बंद आहे का बघून यायचा. गॅस पेटवलेलाच नसे. हातात पेचकस घेऊन दाराची बिजागरं आवळायचा. घरातली सगळी बिजागरं आवळून झाली, तेव्हा त्याने शेजाऱ्यांचीही आवळली.

"बसा हो जरा," शिंपी म्हणाला.

"बसलो की ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"उठली, उठली."



धाकटी आली ती डोळे सुजवून, पण बोलणं ताठ होतं. "ताईचं सोनं झालं भाऊजी. बाबांच्या पायाशी गेली."

"पायाशी नाही, बोळात गेली. तिकीट खिडकीजवळ. ओढत नेली त्यांनी."

"तुम्ही सुरुवातीपासून हसत होतात. घरातल्या एका माणसाचा अविश्वास असला की बाबांचा हात चालत नाही. बाबांनी मला स्वतः सांगितलं. तुमच्यामुळे ती उठली नाही."

काटेवाला स्वयंपाकघराच्या दारात पेचकस घेऊन उभा होता. तो एवढंच म्हणाला, "तू परत जाणार आहेस का तिथे?"

"जाणार. पुढच्या बैठकीला. ताईच्या खुर्चीत बसणार आहे. बाबांनी ती माझ्यासाठी ठेवायला सांगितलीये."

"इंजेक्शन घेऊन?"

"म्हणजे काय! बाबा कधी इंजेक्शन चुकवू देत नाहीत. तुम्हाला काय वाटतं, ते अडाणी आहेत?"

ती गेली. काटेवाला घरभर फिरत राहिला. बायको गेली होती, ती परत येणार नव्हती. पण तिची बहीण त्याच खुर्चीत, त्याच उपाशी पोटी बसायला निघाली होती. तो चप्पल घालून थेट दवाखान्यात गेला.

*

मोठ्या सिस्टर सरावाच्या खोलीत होत्या. तिथे पलंगावर माणसाएवढी एक रबरी बाहुली होती आणि सात-आठ मुली तिच्याभोवती उभ्या होत्या.

"ही बेशुद्ध आहे," सिस्टर सांगत होत्या. "काय कराल?"

"पाणी देऊ, सिस्टर," एक मुलगी घाईने म्हणाली.

"दे. आणि मग तिच्या आईला तूच जाऊन सांग."

मुलगी लाल झाली.

"आधी बघायचं, मग हात लावायचा. श्वास चालू आहे का? हाक मारल्यावर ओ देते का? गिळता येतंय का? शुगर किती? आणि हे कळेपर्यंत तोंडात एक थेंबसुद्धा नाही. कुशीवर वळवायचं, म्हणजे तोंडातलं बाहेर येईल, आत जाणार नाही. वळव."

दारातला माणूस त्यांना दिसला. त्यांनी मुलींना सराव करायला सांगितला आणि त्याला स्टूल दिलं. तो बसला नाही.

"तुम्ही विचारलं होतंत, खाल्लं होतं का. का विचारलं?"

"सांगते. ऐकवेल ना?"

"न ऐकता राहवत नाहीये, म्हणून आलो."

सिस्टरांनी सरळ सांगितलं. इन्शुलिन रक्तातली साखर खाली आणतं. वेळेवर जेवण असलं तर जमतं. जेवण नसलं तर साखर खाली जातच राहते, आणि मेंदूचं साखरेवाचून चालत नाही. आधी घाम येतो, हात थरथरतात, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो. मग कोसळतो. गिळता येत असताना साखरेचं पाणी पोटात गेलं, तर पाव तासात झोपेतून उठल्यासारखा उठून बसतो.

"म्हणजे बाबाचं तीर्थ..."

"साखरेचं पाणी. दाट पाक म्हणा. आणि ते काम करेपर्यंत त्याला वेळ काढायचा असतो, म्हणून ऊठ, ऊठ असा ओरडा."

काटेवाल्याने नकळत बोटं एकमेकांवर घासली. ती चिकट बोटं त्याला आठवली. त्या मुंग्याही.

"मग ही का नाही उठली?"

"त्या फार खोल गेल्या होत्या. गिळता येत नव्हतं. अशा माणसाच्या तोंडात ओतलेलं पोटात जात नाही, श्वासनळीत जातं. त्यात उताणं ठेवलेलं."

खोलीत मुली बाहुलीला वळवत होत्या. रबराचा चीं चीं आवाज येत होता.

"म्हणजे भुकेने पडली आणि पाण्याने गेली," काटेवाला म्हणाला.

"हो."

तो खिडकीपर्यंत गेला, परत आला. "सिस्टर, पुढच्या बैठकीला तुम्ही चला. तुमचं ते रक्त तपासायचं यंत्र घेऊन चला. पुढच्या रांगेतला एकजण पडला, की बाबा पोचायच्या आत तुम्ही त्याची शुगर सगळ्यांसमोर मोजा. सगळ्या गावाला दिसेल."

"आणि तो पडेपर्यंत मी काय करू? बघत बसू?"

"थोडाच वेळ."

"भाऊ, तुमच्या मिसेससुद्धा थोडाच वेळ पडल्या होत्या."

त्याला राग आला. "पुरावा नको का? पुराव्याशिवाय कोण ऐकतंय इथे?"

"पुराव्यासाठी मी पेशंट पडू देणार नाही. कोण पडणार हे मला आधी माहीत आहे, आणि मी त्याला पडू दिलं, तर मग त्या बाबात आणि माझ्यात फरक काय? तो माईकवर ओरडतो, मी ओरडत नाही, एवढाच." मग त्यांचा आवाज उतरला. "येईन मी. पण माझ्या पद्धतीने. कुणालाच पडू द्यायचं नाही."

"मग दाखवणार काय?"

"तेच. कुणी पडलं नाही, हे."

काटेवाल्याला ते पटलं नाही. पण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. निघताना सिस्टरांनी त्याला बाहुलीजवळ नेलं. "वेळ आलीच तर कुशीवर कसं वळवायचं ते शिकून घ्या. हात असा, गुडघा असा." आयुष्यभर नाजूक काटे हाताळलेल्या त्या हातांना ते पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं. बाहुलीचं तोंड खाली कलंडलं आणि तो तिच्याकडे बघत राहिला. असं कुणीतरी त्या बोळात करायला हवं होतं.

*

बैठकीच्या दिवशी दारावर नेहमीचा प्रश्न आला, "गोड रक्त कुणाचं?"

"माझं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. खोटं बोलायची गरजच नव्हती, त्यांना बरीच वर्षं शुगर होती. फक्त त्या व्यवस्थित जेवून आल्या होत्या. साध्या कपड्यांतल्या दोन विद्यार्थिनी त्यांच्या मुली म्हणून आत शिरल्या. प्रत्येकीच्या पिशवीत बिस्किटांचे पुडे होते. काटेवाला मागच्या बाकावर बसला, म्हणजे त्याने बसल्यासारखं केलं. त्याचा एक पाय सतत हलत होता.

पुढच्या रांगेत धाकटी अगदी टोकाला होती. बायकोच्या खुर्चीत.

बाबा उशिरा यायचा, हेही त्याच्या विद्येतच बसत होतं. जितका उशीर, तितकी साखर खाली. सिस्टरांनी तो वेळ वापरला. शेजारच्या निवृत्त हेडक्लार्कशी त्या बोलायला लागल्या.

"इंजेक्शन घेतलंत?"

"घेतलं. सकाळीच."

"खाल्लं?"

"छे! उपाशी यायचं असतं."

"उपाशी यायचं. आलात ना? आल्यावर उपाशी बसा, असं कुठे सांगितलंय बाबांनी?"

हेडक्लार्कने चष्मा वर सरकवला. आयुष्यभर नियमांच्या फटी शोधलेला माणूस. "मुद्दा बरोबर आहे," तो म्हणाला. "तसा स्पष्ट आदेश नाही." आणि त्याने बिस्किट घेतलं. एक घेतलं, मग पुडाच घेतला.

भुकेल्या माणसाला फक्त निमित्त हवं असतं. रांगेत कुजबुज पसरली. "चालतं म्हणे." "कोण म्हणालं?" "ते साहेब खातायत ना!" विद्यार्थिनी पाणी आणि बिस्किटं घेऊन खुर्चीखुर्चीशी गेल्या. पुढची रांग कुरकुर आवाज करत खाऊ लागली.

टोकाच्या खुर्चीने मात्र मान फिरवली. "भाऊजींनी पाठवलंय ना तुला?" धाकटी त्या मुलीला म्हणाली. "त्यांना सांग, माझा उपास आहे आणि माझा विश्वासही आहे."

बाबा आला. माईक घेतला. "आज कुणाला पाडतो बघू!"

कुणी पडेना.

बाबाने लिफ्टवाल्याचा विनोद केला. मुंग्यांचा केला. पुढच्या रांगेकडे नजर टाकली, तर सगळे टवटवीत. एक म्हातारा तर दात कोरत होता. बाबाने आवाज चढवला, डोळे मिटले, हात फिरवले, घाम पुसला. मागून कुणीतरी ओरडलं, "बाबा, लिफ्ट बंद पडली का?"

तेव्हा तिसऱ्या रांगेत एक बाई धाडकन कोसळली. काटेवाल्याने तिला ओळखलं. मघाशी दारावर स्वयंसेवकांना पाणी देणारी बाई होती ती.

"आली! कृपा आली!" बाबा गरजला.

पण सिस्टर आधी पोचल्या. "तोंडात काही घालू नका!" त्यांनी बाईला कुशीवर वळवलं, नाडी पाहिली, आणि यंत्र काढून तिच्या बोटाला टोचलं.

"आई गं! मेले!" बाई उठूनच बसली.

"शुगर छान आहे हिची," सिस्टर यंत्राकडे बघत म्हणाल्या. "काय जेवलीस गं?"

"वांग्याचं..." बाई बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

थिएटर हसण्याने फुटलं. स्वयंसेवकही हसले. काटेवाला हसला नाही, कारण तो टोकाच्या खुर्चीकडे बघत होता. धाकटीचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम, मान डुलत होती, आणि ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती.

बाबानेही ते पाहिलं. बुडत्याला काडी मिळाली. "हसा! हसा! आणि तिकडे बघा! त्या बहिणीकडे! खरी कृपा आली! तीर्थ आणा!"

हसू थांबलं. सगळ्या माना वळल्या. एक स्वयंसेवक तांब्या घेऊन धावला. काटेवाला बाकांवरून, माणसांच्या मांड्यांवरून उड्या टाकत पुढे आला आणि धाकटीसमोर गुडघ्यांवर बसला. सिस्टर त्याच्या मागेच होत्या. त्यांनी धाकटीचं बोट टोचलं.

"चाळीस. सत्तर तरी हवी," त्या हळूच म्हणाल्या. "पण ती ओ देतेय. गिळू शकेल. तिने आत्ता घेतलं पाहिजे. आणखी खोल गेली तर तोंडाने देता येणार नाही." त्यांनी साखरेच्या पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

"जा इथून," धाकटी अडखळत म्हणाली. "तुम्ही... ताईला तुम्ही मारलंत... चप्पल कुठे ठेवलीत माझी?"

"चप्पल आहे. धाकटे, हे पी."

"नाही!" तिने पेला ढकलला. अर्धं पाणी सांडलं.

काटेवाल्याच्या ओठांवर बाबाला द्यायच्या सगळ्या शिव्या आल्या. त्या त्याने गिळल्या. "बरं. नको पिऊस. एक सांग. त्या दिवशी तू ताईच्या शेजारी होतीस. पडायच्या आधी ती काय म्हणाली?"

धाकटीने डोळे बारीक केले. आठवायला तिला फार कष्ट पडत होते.

"म्हणाली... हात थरथरतायत माझे."

"आणि?"

"घाम येतोय म्हणाली. घरी जाऊ या म्हणाली." तिचा ओठ कापायला लागला. "मी म्हटलं, ताई, बस. कृपा होतेय."

तिने स्वतःचे हात वर धरले. ते पानासारखे थरथरत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, आणि बाबा चालू माईक घेऊन जवळ आला असल्यामुळे ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं, "मला भूक लागलीये."

तिने पेला दोन्ही हातांनी धरला. सिस्टरांनी तिला ताठ बसवलं आणि घोट घोट करून प्यायला लावलं.

"ऊ...ऊऊठ!" बाबाने सूर लावला. ही संधी सोडणाऱ्यांतला तो नव्हता. "ऊठ माझ्या लेकी!"

काटेवाला उठला आणि त्याने बाबाच्या हातातून माईक काढून घेतला. त्याला भाषण येत नव्हतं. त्याला काटे येत होते.

"काटा खोटं दाखवायला लागला," तो म्हणाला, "की आम्ही एकेक वस्तू काढून बघतो. कशामुळे हलतोय ते कळतं. हिला साखर दिलीये. आता बाबांना काढून बघू. बाबांनी गप्प बसायचं. तुम्हीही. टाळी नाही, ऊठ नाही. बघू, बाबांशिवाय उठते का."

"हे पाप आहे!" बाबा म्हणाला.

"गप्प बसण्यात कसलं पाप?" हेडक्लार्क पुढच्या खुर्चीतून म्हणाला. "बसा हो खाली."

थिएटर शांत झालं. पंखा तेवढा कुरकुरत होता. काटेवाल्याला वाटलं, आपण चुकलो तर? सिस्टरांनी मध्येच आणखी थोडं पाणी दिलं. कुणीतरी खोकलं. हळूहळू धाकटीच्या गालावर रंग आला. मान सावरली. हात थांबले. तिने इकडेतिकडे पाहिलं, सगळं गाव आपल्याकडे बघतंय हे तिला कळलं, आणि तिने पदर नीट केला.

"काय बघताय सगळे?" ती म्हणाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यांची माणसं त्या मंचावर 'उठली' होती ते एकमेकांकडे बघत होते. पूर्वी मंचावर डोळे चोळत बसलेली ती बाई उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मलाही यांनीच पाडलं होतं?"

सिस्टरांनी स्वयंसेवकाच्या हातातला तांब्या घेतला, बोट बुडवून हेडक्लार्कपुढे धरलं. तो मागे सरकला. "मला कशाला, मला शुगर आहे," तो म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले, पण या वेळी बाबाकडे बघून. बाबा तोवर पडद्यामागच्या दाराने गेला होता.

*

या सगळ्यात जादू कुठेच नव्हती. औषध चुकवू नका हे बरोबर, आणि उपाशी या हे एरवी निरुपद्रवी वाटणारं. दोन्ही एकत्र केली की माणूस पडायचा, आणि साखरपाण्याने बहुतेक वेळा उठायचा. जो उठायचा त्याचा गाजावाजा होई. जो उठायचा नाही त्याला बोळात नेऊन ठेवत. चमत्कार मोजताना लोक उठलेले मोजतात. न उठलेलेही मोजले पाहिजेत.

म्हणून सांगायचं ते साधं आहे. इन्शुलिन घेतलं की वेळेवर जेवा, मग कोण काय सांगो. घाम आला, हात कापू लागले, तर त्याला कृपा म्हणू नका, गोड काहीतरी खा. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, तीर्थही नको, साधं पाणीही नको. कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या. हे कळायला बाबा लागत नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला हे येतं, आणि तुम्हालाही येईल.

ऊठबाबा आता दुसऱ्या गावात आहे, असं शिंप्याने ऐकलंय. तिथेही एक मोठा हॉल मिळालाय म्हणे.

पोलिसांनी काटेवाल्याची तक्रार घेतली. पण त्या दिवशी ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसलेलं माणूस एकच होतं. ताई घरी जाऊ या म्हणाली आणि तिला 'बस' कुणी म्हटलं, हे धाकटीला तिथे जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. ती आधी म्हणाली, उद्या जाते. मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात. आता ती विषय निघाला की भांडी घासायला उठते, आणि काटेवाला तिला काही म्हणत नाही. पोलीस मात्र म्हणतात, तिच्या जबाबाशिवाय पुढे काही करता येत नाही. तो जबाब अजून दिला गेलेला नाही.